मुलांना वेगळे काढले, पण ठेवले कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वर्गानंतर वाद झाला. एका आईने सांगितले की तिच्या नववीतल्या मुलीला इन्स्टाग्रामवर चाळिशीचा एक माणूस रोज मेसेज करतो. सुरुवात 'जय भीम बेटा' अशी झाली. मग अभ्यासाची चौकशी, मग पुस्तकांची नावे, आणि आता फोटो मागणे सुरू झाले आहे. त्या माणसाचे जे करायचे ते आम्ही केले, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. पण त्यानंतर जमलेल्या बापलोकांनी एका आवाजात निकाल दिला: पोरांचे मोबाईल काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली ना, मग आपणही करू.

ती मुलगी तोवर गप्प होती. शेवटी एवढेच म्हणाली, "मग स्कॉलरशिपचा क्लास मी कुठे बघू?"

कुणाकडेच उत्तर नव्हते. वस्तीत वाचनालय नाही, शाळेत गणिताला वर्षभर शिक्षक नाही, घरात एकच खोली. तिचा क्लास त्या पाच इंची काचेतच होता, आणि तो चाळिशीचा माणूसही त्याच काचेतून आत आला होता.

मित्रांनो, मुलांना मोठ्यांपासून वेगळे काढावे की नाही, हा प्रश्न मोबाईलबरोबर जन्मलेला नाही. आपल्याकडे तो किमान दीडशे वर्षे जुना आहे. गिरणीत, लग्नात, तुरुंगात आणि वसतिगृहात तो वेगवेगळ्या रूपात आला, आणि प्रत्येक वेळी रेघ कुणी आखली आणि तिचा फायदा कुणाला झाला, हे तपासावे लागते. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला बाबासाहेबांनी संविधान सभेत उत्तर देऊन ठेवले आहे. तिथपर्यंत जायचे तर आधी मुंबईच्या गिरणीत जावे लागेल.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शाळेच्या पुस्तकात 'कामगार कल्याणाची सुरुवात' म्हणून येतो. त्यात काय होते ते नीट पाहा. यंत्रावर चालणाऱ्या आणि शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सात वर्षांखालचे मूल ठेवायचे नाही. सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. म्हणजे सात वर्षांचे पोर नऊ तास गिरणीत, हे आता कायदेशीर झाले! बारा पूर्ण झाली की तो मोठा माणूस, त्याच्या तासांना मर्यादा नाही. 'बालक' हा शब्द गिरणीच्या दारावर पहिल्यांदा लिहिला गेला तो असा.

हा कायदा कुणाच्या मायेपोटी आला? सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या एखाद्याने मनापासून खटपट केली, हे खरे. पण विलायतेत रेटा लावणारे लँकेशायरचे गिरणीमालकही होते. मुंबईचे कापड स्वस्त पडते कारण तिथे पोरेबाळे दिवसभर राबतात, ही त्यांची तक्रार होती. इकडचे गिरणीमालक म्हणाले, हा देशी धंदा मारण्याचा डाव आहे, आणि राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या बहुतेक वृत्तपत्रांनी त्यांचीच री ओढली. एका मालकाला मुलाला बाहेर काढायचे होते, दुसऱ्याला आत ठेवायचे होते. मुलाला विचारणारा कुणी नव्हता. कामगारांच्या बाजूने बोलणारे मराठी पत्र म्हणजे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचे 'दीनबंधु'. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिले. त्या रेट्यानंतर १८९१ च्या कायद्यात मुलाचे किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले, आणि पंधरापर्यंत सहा तास.

पण वय ठरवायचे कसे? जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. सरकारी सर्जन पोराची अंगकाठी बघून वय लिहीत. अर्धपोटी वाढलेले पोर लहान दिसे, थोराड हाडाचे पोर मोठे ठरे. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला का येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शाळेत नाव घालताना मास्तरने जी तारीख टाकली, ती आपली जन्मतारीख. कागदावरचे वय हे आपल्या लोकांच्या बाबतीत नेहमी दुसऱ्यानेच लिहिलेले असते.

आता एक गोष्ट जुळवून पाहा. फॅक्टरी कायदा आला १८८१ ला. पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले आणि मागणी केली की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. तोच बाराचा आकडा! सरकार म्हणत होते, बारापर्यंत नऊ तास गिरणी. फुले म्हणत होते, बारापर्यंत शाळा. मुलाला गिरणीतून काढायचे असेल तर त्याला बसवायला जागा लागते, हे फुल्यांना कळत होते, कारण त्यांनी स्वतः ती जागा उभी करून पाहिली होती. सरकारने गिरणीपुरती रेघ ओढली आणि जागा दिली नाही. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी पडले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते प्रत्यक्ष करून दाखवले. एक राजा आपल्या तिजोरीतून करू शकतो ते साम्राज्याला जमत नाही, ही सबब नव्हती तर काय होते?

लग्नाच्या बाबतीत उलटे घडले. तिथे रेघच नको, असे धर्माच्या नावाने सांगितले गेले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, आणि तुरुंगात जाईन पण जाणार नाही असे त्या म्हणाल्या. टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात होता. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा करायचा कायदा आला तेव्हाही टिळक विरोधातच उभे राहिले. दहाचे बारा, एवढ्यासाठी धर्म बुडत होता!

हा विरोध इतका कडवा का होता, याचे उत्तर बाबासाहेबांनी पंचवीस वर्षांनी दिले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन निरनिराळ्या दुष्ट चाली नव्हेत. जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून वापरलेली ती साधने आहेत. मुलगी कुणावर मन बसायच्या वयाला येण्याआधीच तिला जातीत बांधून टाकायचे. म्हणजे मूल आणि मोठा यांच्यामधली रेघ पुसलेली असणे ही जातीची गरज होती. हे लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे स्वतःचे लग्न झाले तेव्हा रमाई नऊ वर्षांच्या आसपास होत्या. त्यांनी पुस्तकातले नव्हे, घरातले पाहून लिहिले होते.

पुढे रेघ सरकत गेली. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालची संमतीच कायद्याला अमान्य झाली. यात जातीने नवीन युक्ती शोधली, ती नोंदवून ठेवू. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने परजातीच्या, त्यातही आपल्या मुलाबरोबर निघून गेली, की तिचे वय लहान करून मुलावर गुन्हा दाखल करायचा. एकेकाळी ज्यांना रेघ नको होती, तेच घरवाले आता रेघ घेऊन ठाण्यात उभे असतात. याचा अर्थ अठराची रेघ पुसून टाका असा मी म्हणत नाही. त्या चाळिशीच्या माणसाला एक इंचही वाट मिळता कामा नये. पण मुलाचे रक्षण म्हणजे मुलाच्या पालकाची मालकी, हे समीकरण मला मान्य नाही, आणि माझ्या मते बाबासाहेबांच्या निबंधाशीही ते जुळत नाही.

आता सोलापूर. माझ्या दृष्टीने या विषयाचे सगळे सार त्या एका गावात आहे.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार, ही कल्पना मनूला परकी नव्हती, त्यामुळे इथल्या उच्चवर्णीयांनी ती सहज गिळली. या कायद्याचा सगळ्यात क्रूर भाग मुलांविषयी होता. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला अधिकार दिला की या जमातींची चार ते अठरा वयाची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवावीत. कारण काय, तर मोठ्यांच्या संगतीत मूल बिघडते! १९११ च्या कायद्यातही मुलांना वेगळे काढण्याची तरतूद राहिली. शब्द पाहा: सुधारणा, शाळा, संगतीपासून बचाव. आज मोबाईलबद्दल बोलताना आपण वापरतो तेच. फरक एवढाच की तिथे बिघडवणारा मोठा माणूस म्हणजे मुलाचा स्वतःचा बाप होता, आणि त्याचा दोष पारधी किंवा कैकाडी असणे हा होता.

सोलापूरची सेटलमेंट ही मुंबई इलाख्यातली मोठी वसाहत. तारेचे कुंपण, हजेरी, बाहेर पडायला पास. बायाबापड्यांची मजुरी गावातल्या कापड गिरण्यांना मिळाली. कुंपणाच्या आत मुलांसाठी शाळा होत्या, हे खरे आहे, आणि त्या शाळांतून चार माणसे शिकून पुढेही आली. ते मी नाकारणार नाही. पण त्या मुलाला शाळेत घालणारा हात आणि त्याच्या आईची हजेरी घेणारा हात एकच होता. अक्षर शिकण्याची अट म्हणून त्याला आधी मान्य करावे लागे की आपली माणसे वाईट आहेत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. विमुक्त बांधव तो दिवस पाळतात, आपण किती जण पाळतो?

त्याच सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. इथेही मुले मोठ्यांपासून वेगळी काढली होती. घरापासून, महारवाड्यापासून, वतनाच्या कामापासून. पाटलाचा निरोप आला की शाळा सोडून वेठीला जायचे, घरात दिवा नाही, अभ्यासाला जागा नाही, या सगळ्यातून मुलाला उचलून एका खोलीत आणले. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके सभेने पाहिली. पण तिथे कुंपण नव्हते, हजेरी होती ती अभ्यासाची. आणि त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे स्वतःचे मासिक काढले.

हे मासिक मला फार मोलाचे वाटते. वेगळे काढलेल्या मुलाच्या हातात काय दिले, यावर सगळे ठरते. सेटलमेंटने त्याला शिस्त दिली, वसतिगृहाने त्याला लिहायला कागद दिला आणि तो काय लिहितो हे वाचायला समाज दिला. एकाने आईबापांपासून तोडले. दुसऱ्याने आईबापांच्या वतीने बोलणारा माणूस तयार केला. बाबासाहेबांनी पुढे जिथे जिथे संस्था काढल्या तिथे तिथे वसतिगृहावर इतका जोर का दिला, ते यावरून कळते.

यानंतर २३ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत मसुद्यातील कलम ३६ चर्चेला आले, जे पुढे कलम ४५ झाले. मुलांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांत करावा, असा त्याचा आशय. नझीरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती सुचवली की 'शिक्षण' ऐवजी 'प्राथमिक शिक्षण' म्हणा. सूचना साधी दिसते. पण तिचा परिणाम असा झाला असता की मूल दहाव्या-अकराव्या वर्षी शाळेतून मोकळे, आणि पुढची तीन-चार वर्षे कुणाचीच जबाबदारी नाही.

बाबासाहेबांनी ती फेटाळली. कारण देताना त्यांनी दुसऱ्याच एका कलमाकडे बोट दाखवले. मसुद्यातील कलम १८, म्हणजे आजचे कलम २४, चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला मनाई करते. त्यांचा मुद्दा असा की चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवायचे नाही असे आपण एकदा ठरवले, तर त्या वयापर्यंत त्याला शिक्षणसंस्थेत गुंतवून ठेवलेच पाहिजे. चौदा हा आकडा त्यासाठीच आहे.

म्हणजे बंदीचे वय आणि सोयीचे वय एकच असले पाहिजे. ज्या दारातून मुलाला बाहेर काढता, त्याच्या शेजारचे दुसरे दार त्याच दिवशी उघडे पाहिजे. १८८१ आणि १८८२ मध्ये दोन वेगळ्या माणसांच्या तोंडी असलेली वाक्ये बाबासाहेबांनी एका संविधानात शेजारी-शेजारी बसवली.

एक कटू गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर आपण फक्त आरती करतो असे होईल. त्याच दिवशी लक्ष्मीकांत मैत्रा यांची दुसरी दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली, आणि प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे ही मसुद्यातली सुरुवात गळाली. कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात होते, तिथे हक्काची भाषा बसत नव्हती, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण मनाई मूलभूत हक्कांत राहिली आणि शाळा मार्गदर्शक तत्त्वांत. एकीसाठी न्यायालयात जाता येत होते, दुसरीसाठी नाही. दहा वर्षांची मुदत १९६० ला संपली. शाळा हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली, आणि तो अंमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. मधली पन्नास वर्षे आपल्या किती पोरांनी चहाच्या टपरीवर काढली?

आणि २०१६ मध्ये पुन्हा मागे फिरलो. बालकामगार कायद्यात दुरुस्ती करून चौदाखालच्या मुलाला शाळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला परवानगी दिली. कुटुंबाचा धंदा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ज्याच्या घरात जो पिढीजात धंदा, त्याचे पोर शाळेनंतर तिथे. जातीचा धंदा कायद्याच्या खिडकीतून परत घरात शिरला.

हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून आता मोबाईलच्या काचेकडे बघू. इंटरनेटवर मुलांचे वय विचारायची पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने रूढ केली. त्यात तेराखालच्या मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. कंपन्यांनी सोपी वाट काढली, 'तुमचे वय तेरा आहे का' असे विचारायचे आणि हो म्हणणाऱ्याला आत घ्यायचे. तेरा या आकड्यात मुलाच्या समजेचा विचार फार नव्हता, तो माहितीच्या बाजाराचा आकडा होता. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा केले आणि दंड मुलांना किंवा पालकांना नव्हे, कंपन्यांना लावला. हा भाग मला पटतो. रेघ पाळायची जबाबदारी गिरणीमालकाची, पोराची नव्हे.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याने मूल म्हणजे अठराखालची व्यक्ती असे ठरवले, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली. ती मनाई उत्तम आहे. पण त्याच कायद्यात मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती हवी. इथे थांबून विचार करा. सतरा वर्षांची मुलगी, बाप निरक्षर, घरातला एकमेव फोन भावाच्या नावावर. तिची संमती कोण देणार? आणि ज्या घरात तिने कुणाशी बोलावे यावर जात लक्ष ठेवते, त्या घराच्या हातात ही किल्ली दिली तर ती काचेतल्या त्या चाळिशीच्या माणसासाठी बंद होईल की फुले-आंबेडकर वाचणाऱ्या मैत्रिणीसाठी? कागदाचा प्रश्न वेगळाच. पालावर जन्मलेल्या, दाखला नसलेल्या पोराला वयाचा पुरावा मागितला, की ते शाळेच्या दारात जसे अडते तसे इथेही अडणार.

तरीही मी वेगळे काढण्याच्या बाजूने आहे. हे लिहिणे भाग आहे, कारण चळवळीत एक भाबडेपणा आहे की आपला माणूस म्हणजे सुरक्षित माणूस. 'जय भीम बेटा' लिहिणारा तो माणूस आपल्याच मोर्च्यात चालत असेल. निळा झेंडा हातात असला म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीशी रात्री अकराला एकट्याने बोलायचा अधिकार कुणाला मिळत नाही. मोठ्यांनी मुलांच्या जागेत जायचे असेल तर दोघांनी, उजेडात, आणि मुलांच्या आईबापांना माहीत असताना जावे. सोलापूरच्या वसतिगृहालाही नियम होतेच की.

आमच्या विहारात शेवटी जे ठरले ते फार मोठे नाही. मागची सामानाची खोली रिकामी केली. वर्गणीतून एक जुना संगणक आणि वायफाय घेतले. संध्याकाळी सहा ते नऊ खोली दहावीपर्यंतच्या मुलामुलींसाठी उघडी असते, मोठ्या पुरुषांना आत प्रवेश नाही, कार्यकर्ता असला तरी नाही. त्या वेळी वस्तीतल्या दोन शिक्षिका आळीपाळीने बसतात. मुलीचा मोबाईल तिच्याकडेच आहे. दोन ज्येष्ठ मंडळी अजून नाराज आहेत, त्यांचे म्हणणे की सामान कुठे ठेवायचे. खोलीच्या दोन किल्ल्या केल्या, एक शिक्षिकांकडे आणि एक मुलांनी आपल्यातून निवडलेल्या नववीतल्या दोघांकडे. मागच्या शनिवारी मी सव्वासहाला गेलो तर दाराला आतून कागद चिकटवला होता: 'कृपया दार वाजवून थांबा.' मी वाजवून थांबलो.